गाळ उपसण्यापूर्वी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत जे हजारो मालगुजारी तलाव आजही धानाच्या शेतीला पाणी पुरवीत आहेत, ते गोंड राजांच्या अमलात मुख्यत्वे कोहळी समाजाच्या कौशल्याने आणि श्रमाने उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच तलावांत पिढ्यानुपिढ्या जाळे टाकणाऱ्या ढिवरांना पाण्याखालच्या भूमीचे जे ज्ञान आहे, त्याची दखल सरकारी दप्तराने मनापासून घेतल्याचे दिसत नाही. तलावांच्या पुनरुज्जीवनाच्या योजना एकामागून एक जाहीर होत असताना ही उणीव किरकोळ मानून चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची मालकी, १९५० च्या कायद्याने गेली, हे न्याय्यच झाले. त्या व्यवस्थेतील वेठ आणि अरेरावी आठवून कोणी हळहळण्याचे कारण नाही. मात्र तलाव सरकारजमा झाले तेव्हा त्यांच्याभोवतीची जी वहिवाट वाजिब-उल-अर्ज या गावाच्या रिवाजपत्रकात नोंदली जाई, पाळ कोणी बांधावी, सलंग म्हणजे सांडवा कोणी राखावा, पाणी कोणत्या क्रमाने सोडावे याविषयीचा जो गावाचा करार होता, तो हळूहळू विस्मृतीत गेला. मासेमारी ठेक्याने ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे आली, आणि ठेक्याबरोबर उत्पादनाचा हिशेबही आला. त्या हिशेबात रोहू, कतला आणि मृगल बसले. हे मासे साचलेल्या पाण्यात प्रजनन करीत नसल्यामुळे त्यांचे बीज दरसाल विकत आणून सोडावे लागते. पुढे परदेशी जातीही आल्या, त्यांपैकी गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो आणि सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो.

मरळ हा या प्रदेशाचा मानाचा मासा. पावसाळ्यात उथळ पाण्यातील वनस्पतींच्या दाटीत थोडी जागा मोकळी करून तो अंडी घालतो, आणि पिले स्वतःचे भक्ष्य शोधू लागेपर्यंत नर-मादी त्यांची राखण करतात. ही दाटी नाहीशी झाली म्हणजे मरळ जातो, शिंगी आणि मांगूर विरळ होतात, आणि काठच्या देवधानासारख्या वनस्पतींच्या आश्रयाने राहणारे पक्षीही तो तलाव सोडतात. रिकाम्या झालेल्या काठावर मग बेशरम ही झुडपी वनस्पती माजते. तिला गुरे तोंड लावीत नाहीत, आणि तोडली तरी राहिलेल्या खोडातून ती पुन्हा फुटते.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांनी पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढिवरांबरोबर जे काम उभे केले, त्याचे महत्त्व येथेच आहे. कोणती वनस्पती पूर्ण पाण्याखाली वाढते, कोणती पृष्ठभागावर पाने पसरते, कोणती काठच्या ओलीतच टिकते, आणि कोणत्या माशाला त्यांपैकी कोणती लागते, हे ढिवरांना विचारून ठरविण्यात आले. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट खणून काढायची, उघड्या पडलेल्या तळाचा काही भाग नांगरायचा, आणि पाऊस स्थिरावल्यावर शेजारच्या ज्या तलावांत मूळच्या वनस्पती तग धरून आहेत तेथून त्या आणून लावायच्या, असा हा क्रम. गुडघाभर चिखलात उभ्या राहून स्त्रिया धानाच्या रोवणीसारखीच ही रोवणी करतात. अशा तलावांत गावठी मासे परतू लागले, हे या पद्धतीच्या बाजूचे सर्वांत सबळ प्रमाण होय.

याच्या उलट, २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या नावाने जी मोहीम चालली आहे, तिच्यात तलाव हे केवळ पाण्याचे भांडे समजले जाते. गाळ काढणे आवश्यक आहे, आणि शेतकऱ्याला तो उपयोगी पडतो, याविषयी दुमत नाही. परंतु जेसीबीने तळ एकसारखा खरवडला, की उथळ काठ आणि खोल डोह यांतील भेद पुसला जातो, वनस्पतींचे कंद आणि बी गाळाबरोबर शेतात जाते, आणि साठवणक्षमता वाढल्याचा दाखला मिळालेला तलाव माशांना मात्र पारखा होतो.

वनहक्क कायदा, २००६ याने सामूहिक हक्कांत मासे व जलाशयातील इतर उत्पन्न यांचा स्पष्ट समावेश केला आहे. ढिवरांची गणना अनुसूचित जमातींत नसून भटक्या जमातींत होत असल्यामुळे त्यांना मात्र वनक्षेत्रातील तलावासाठीही तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या नावावर सातबारा कधी नव्हताच, त्यांनी तो कोठून आणावा? हक्क मिळेपर्यंत निदान एवढे तरी आज करता येण्याजोगे आहे: ज्या तलावाचे अंदाजपत्रक मंजुरीस जाईल, त्यावर ढिवर संस्थेची आणि ग्रामसभेची लेखी संमती असावी, तळाचा कोणता भाग खणावा आणि कोणता राखावा, हे त्यांच्या सल्ल्याने नकाशावर दाखविलेले असावे, आणि बेशरम काढण्याची व रोवणीची मजुरी रोजगार हमी योजनेतून त्यांच्याच स्त्री-पुरुषांना मिळावी. यंत्रे उन्हाळ्यात उतरतात, तेव्हा याविषयीचे ठराव हिवाळ्यातच झाले पाहिजेत.