'परंतु' की 'आणि'?

६ जुलै १५३५ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर सर थॉमस मोर यांचा शिरच्छेद झाला. १५३२ पर्यंत ते इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर होते. पुढे आठव्या हेन्री राजास तेथील ख्रिस्तसभेचे मस्तक मानावयास नकार दिल्याने ते राजद्रोही ठरले. वधमंचाचा जिना डळमळीत होता. 'वर चढताना हात द्या, उतरण्याचे माझे मी पाहीन,' असे ते किल्लेदारास म्हणाले. (अशा घडीस ही थट्टा आम्हांस खचित सुचली नसती.) मग त्यांनी लोकांस सांगितले की, आपण राजाचे इमानी सेवक म्हणून मरत आहोत, परंतु प्रथम देवाचे. निदान आम्ही तरी हे वचन वर्षानुवर्षे असेच सांगत आलो. वस्तुतः त्याच वर्षी पॅरिसमध्ये लिहिलेल्या फ्रेंच वृत्तांतात 'परंतु' नाही. तेथे 'आणि' आहे! 'परंतु' म्हटले की राजा व देव समोरासमोर उभे ठाकतात. 'आणि' म्हणणाऱ्याच्या लेखी, देवाची आज्ञा पाळण्यात राजाचीही सेवाच घडत होती. हेन्रीस ते मानवले नाही. ख्रिस्तसभेने १९३५ साली मोर यांस संतपद दिले व २००० साली त्यांस राज्यकर्त्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.