सात-बाऱ्यावरची माहितीपुस्तिका

गेल्या रविवारी दौंडला दाजींच्या ओसरीवर एक प्रवेश एजंट बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात गुळगुळीत कागदाची रंगीत माहितीपुस्तिका. सतरंजीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला सात-बारा होता. दाजी तो घेऊन दुसऱ्या दिवशी कर्जासाठी बँकेत जाणार होते. एजंटाने पुस्तिका नेमकी त्या पिशवीवर ठेवली आणि म्हणाला, "पोराला बंगळूरला नोकरी करायचीय ना? मग शिकायलाही तिकडंच धाडा. इथल्या डिग्रीला बाहेर कुत्रं विचारत नाही."

भाच्याला सीईटीत अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात नंबर लागावा इतके गुण आहेत. तरी दाजींनी मान डोलावली. मी तोंड उघडणार, तोच आक्काने डोळ्यांनी दटावलं. पाहुण्याचा मान राखून मी तेव्हा गप्प बसलो. आता बसणार नाही. तो माणूस धडधडीत खोटं बोलत होता.

मी शिरूरला बी.एस्सी. केलं, पुढे विद्यापीठाच्या फीत एम.सी.ए., आणि गेली 12 वर्षं हैदराबाद-बंगळूरला नोकरी करतोय. पहिल्या मुलाखतीत कॉलेजचं नाव विचारलं आणि लगेच फळ्यापुढे उभं करून प्रोग्राम लिहायला लावला. तो जमला म्हणून काम मिळालं. दुसऱ्या नोकरीपासून त्या नावाचा विषयही निघालेला नाही. आज मीच नव्या पोरांच्या मुलाखती घेतो, आणि लाखो रुपये फी भरून आलेला पोरगा फळ्यापुढे थिजलेला बघतो तेव्हा त्याच्या बापाची जमीन माझ्या डोळ्यांपुढे येते. गेट द्या, जॅम देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जा, यूपीएससी द्या, कॉलेजचं नाव नव्हे, मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ 1949 सालापासून ती देतंय.

आता पैशाचं बोलू, कारण एजंट ते बोलत नाही. 10 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, 10 वर्षांची फेड: महिन्याचा हप्ता 13 हजारांच्या वर जातो. शिकत असतानाचं व्याज वेगळं चढतं. आणि मोठ्या आयटी कंपन्यांतल्या नव्या पोराचा पगार कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकून पडलाय, वर्षाचा. त्यात बंगळूरचं खोलीभाडं, खानावळ आणि हा हप्ता. असा पोरगा चांगल्या कामाची वाट बघू शकत नाही; मिळेल त्या खुर्चीत बसतो आणि तिथेच राहतो. बाहेर जाण्यासाठी काढलेलं कर्जच त्याला एका जागी बांधून ठेवतं. राज्यात केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, फेरीतून प्रवेश घेतला आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून खुल्या प्रवर्गातल्या पोराचीही निम्मी शिकवणी फी सरकार भरतं. परराज्यातल्या खासगी विद्यापीठात गेलात की त्यावर पाणी सोडायचं.

मुलींसाठी तर 2024-25 पासून, त्याच उत्पन्न मर्यादेत, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलीत. आणि आमच्याकडची माणसं काय करतात? पोरासाठी दोन एकर उसाचं रान विकायला काढतात, आणि जिचं इंजिनिअरिंग फुकटात होईल तिला "जवळ आहे" म्हणून कुठेतरी अडकवून लग्नाचं बघायला लागतात. याची मला लाज वाटते.

पण एजंटाच्या खोट्याला जागा कुणी करून दिली, तेही सांगायला हवं. तालुक्याच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं जागा भरल्या नाहीत. तासिका तत्त्वावर राबणारा प्राध्यापक दोन-दोन कॉलेजांच्या मधे मोटारसायकलवर आयुष्य घालवतो. आमच्या वेळी प्रयोगशाळेला कुलूप असायचं आणि किल्ली असणारा शिपाई रजेवर. कंपन्या शिरूरला भरतीसाठी येत नाहीत, ते खरं आहे; मी स्वतः 14 ठिकाणी अर्ज करत पुण्यात पायपीट केली. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. त्यातून हजारो पोरं इंजिनिअर झाली, हे मी नाकारत नाही. पण ज्या पुढाऱ्यांनी पुढे महाग कॉलेजं काढली, त्यांनीच सरकारात बसून स्वस्त कॉलेज वाळू दिलं. गरिबाचं कॉलेज सुधारा म्हणून विधानसभेत गळा काढणारा आमदार मला दाखवा.

त्याच 1983 साली डॉ. श्रीनाथ कालबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं काम सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली पोरं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी हाताने करून शिकली. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवण्याची कार्यशाळा, उभी केली ती या पाबळमध्ये. ज्या गावात रेल्वे नाही, त्या गावात! आणि आमच्याच तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली पोरं हातातल्या कसबावर पोट भरतात. परमुलखात काम मिळवायला आधी तिथे लाखांची फी भरावी लागते, हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

कॅपचे पर्याय भरायला अजून तीन दिवस आहेत. मी आज रात्रीच्या गाडीने दौंडला निघालोय. दाजींना आणि भाच्याला घेऊन न्हावरा, शिरूर, पाबळ करत अवसरीला जाणार. दाजींनी ते कॉलेज अजून एकदाही पाहिलेलं नाही. आणि भाचीलाही बरोबर घेणार आहे. तिची बारावी पुढच्या वर्षी आहे.