जॅझ स्वीडिश बोलू लागलं तेव्हा

२३ मार्च १९६३. लंडनमध्ये युरोव्हिजनची गानस्पर्धा रंगली होती. स्वीडनकडून पंचवीस वर्षांची मोनिका झेटरलुंड स्टॉकहोमवरचं एक संथ, जॅझच्या वळणाचं गाणं गायली. एकेका देशाचे गुण जाहीर होत गेले आणि स्वीडनच्या नावापुढचा भोपळा शेवटपर्यंत फुटला नाही. नॉर्वे, फिनलंड आणि नेदरलँड्सच्या पदरीही त्या रात्री शून्यच पडलं. पण स्वीडनने ना त्या गाण्याला टाकलं, ना गाणारीला.

२०१३ साली याच मोनिकाच्या आयुष्यावर ‘मोनिका झेड’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक डेन्मार्कचे पेर फ्लाय, पटकथा पेटर बिरो यांची. एड्डा मॅग्नासन ही मूळची गायिका. तिने मोनिकाची भूमिका केली आणि गाणीही स्वतःच गायली. स्वीडनचा मानाचा गुल्डबॅगे पुरस्कार तिला मिळाला, दिग्दर्शकालाही मिळाला. लोखंडाच्या कारखान्यावर जगणारं हागफोर्स हे छोटं गाव, टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी, आईवडिलांकडे ठेवलेली लहानगी मुलगी, लेकीचं यश सहजी मान्य न करणारा बाप, मागे लागलेली दारू आणि एकामागून एक मोडणारी नाती. हे सगळं चित्रपट फार देखण्या रीतीने मांडतो. मॅग्नासन पडद्यावरून नजर हलू देत नाही.

तरीही माझ्या मनात एक खंत उरते. चरित्रपट बाईच्या आयुष्यात शिरतो तो बहुतेकदा तिच्या जखमांच्या दाराने. मोनिकाच्या जखमा खऱ्याच होत्या. पण तिने जे घडवलं ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

जॅझ स्वीडनमध्ये आलं ते परकं म्हणून. १९४० साली ‘स्विंग इट, माजिस्टर्न’ या चित्रपटात सोळा वर्षांची अॅलिस बाब्स स्विंग ढंगाचं जॅझ गायली. तरुण पोरं वेडी झाली आणि पोरं बिघडली म्हणून थोरामोठ्यांनी आरडाओरडा केला. १९५१ मध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झने स्टॉकहोममध्ये स्थानिक वादकांना घेऊन व्हेर्मलांड प्रांताचं एक जुनं लोकगीत ध्वनिमुद्रित केलं. पुढच्याच वर्षी ते ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने वाजवलं. ‘डिअर ओल्ड स्टॉकहोम’ या नावाने ते जगभर गेलं. गाणं व्हेर्मलांडचं, नाव राजधानीचं, आणि शब्द? ते घरीच राहिले. सूर परदेशी गेले, भाषा गेली नाही.

मोनिका याच व्हेर्मलांडची. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आर्ने डोम्नेरुसच्या वाद्यवृंदात ती गायली, अमेरिकेलाही जाऊन आली. तेव्हा ती इंग्रजीत गात होती, उत्तम गात होती. पण इंग्रजीत उत्तम जॅझ गाणाऱ्यांची अमेरिकेत वाण नव्हती.

मग बेप्पे वोल्गर्स या कवीने तिच्यासाठी शब्द लिहायला घेतले. १९३० सालचं एक अमेरिकन गाणं होतं, प्रेयसीला हातात हात घालून घरी पोहोचवणाऱ्याचं. वोल्गर्सने चाल तीच ठेवली आणि त्या फेरफटक्याला स्टॉकहोमचे रस्ते दिले. ‘साक्ता वि गो येनोम स्तान’, म्हणजे शहरातून सावकाश चाललेले आपण. १९६१ मध्ये मोनिकाने ते गायलं आणि ते जणू मूळचंच स्टॉकहोमचं होऊन गेलं. यात भाषांतरापेक्षा मोठी गोष्ट आहे. स्वीडिश शब्दाला स्वतःचाच चढउतार असतो. ‘आंदेन’ एका हेलात म्हटलं तर बदक, दुसऱ्या हेलात आत्मा. अशा भाषेवर परकी चाल बसवताना शब्द ओढूनताणून आणल्यासारखे वाटण्याचं भय असतं. मोनिका मात्र बोलल्यासारखी गायची. शेजारी बसून कुणी सांगावं, तसं. मला विचाराल तर चित्रपटाने एखादं प्रेमप्रकरण कमी करून वोल्गर्सच्या टेबलापाशी, एकेक शब्द चालीवर बसताना, आणखी दहा मिनिटं घालवायला हवी होती.

पुढचं आयुष्य चित्रपटाच्या चौकटीत फारसं येत नाही. यान ट्रोएलच्या ‘उत्वांद्रार्ना’ या चित्रपटात ती उल्रिका झाली आणि त्या भूमिकेसाठी तिलाही गुल्डबॅगे मिळाला. पाठीचा कणा वाकडा होण्याच्या दुखण्याने तिला आयुष्यभर छळलं. १९९९ मध्ये तिने रंगमंच सोडला. १२ मे २००५ रोजी स्टॉकहोममधल्या राहत्या घराला लागलेल्या आगीत ती गेली.

तिचं शिखर मात्र १९६४ चा ऑगस्ट. लंडनच्या त्या शून्याला दीड वर्षही झालं नव्हतं. पियानोवादक बिल इव्हान्स आपल्या त्रयीसह स्टॉकहोमला होता, चक इझ्रायल्स बासवर, लॅरी बंकर ड्रम्सवर. भाचीसाठी त्याने कधीकाळी रचलेला ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ वोल्गर्सच्या शब्दांत ‘मोनिकाचा वॉल्ट्झ’ झाला होता, तो तिने खुद्द इव्हान्सच्या साथीने गायला. त्याच तबकडीवर ‘याग वेत एन दैलिग रोसा’ हे जुनं स्वीडिश लोकगीतही आहे. कानाला हेडफोन लावून ते एकदा शांतपणे ऐकावं. ती ओळ संपवते, थांबते. न्यू जर्सीत जन्मलेला, तिची भाषा न बोलणारा तो माणूस तिच्या श्वासाइतकाच थांबतो आणि मग एकच सूर हलकेच खाली ठेवतो.