कापूस, साबण आणि समभाग

वर्ष सरले की अर्थविषयक नियतकालिके एक यादी छापतात. वर्षभरात सर्वाधिक आपटलेल्या बड्या कंपन्यांच्या समभागांची ती यादी असते. कंपनीचे नाव, वर्षारंभीचा भाव, वर्षअखेरचा भाव आणि घसरणीची टक्केवारी, एवढाच तिचा मजकूर. मुंबईच्या दलाल पथावर ती आकडेमोड म्हणून वाचली जाते. चिखली, मेहकर किंवा खामगावच्या निवृत्त शिक्षकाच्या घरी तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते. भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली पुंजी, यंदाच्या कापसाचा हिशेब हे सारे त्या टक्केवारीच्या आड दडलेले असते आणि घरातील एखादाच ते जाणत असतो. बहुतेकदा इतरांना सांगितलेलेही नसते.

शेअर बाजार ही महानगरातील मंडळींची बाब आहे, बुलढाण्यासारख्या कृषिप्रधान जिल्ह्याचा तिच्याशी काय संबंध, असे म्हणण्याचा प्रघात आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी हिंदुस्थानच्या, विशेषतः वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरावर मुंबईत बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या उगवल्या. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द हाच बाजारभाव, असे ते दिवस होते. बॅकबे रिक्लेमेशन कंपनीच्या पाच हजारांच्या समभागाला पन्नास हजारांच्या आसपास भाव मिळू लागला. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आले आणि कापसाचा भाव उतरला. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांची पूर्तता करण्याचा दिवस होता. त्या दिवशी मुंबईत दिवाळखोरीची रांग लागली. एकेकाळी २,८५० रुपयांवर गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा समभाग ८७ रुपयांपर्यंत आला. सरकारचे भांडवल असलेली ती बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. पुढे १८७० मध्ये जलंब ते खामगाव लोहमार्ग लॉर्ड मेयोच्या उपस्थितीत सुरू झाला, खामगावच्या कापूसपेठेचा लौकिक वाढला; पण तोवर पहिल्या तेजीचा खेळ संपला होता. कापूस वऱ्हाडचा, गिरण्या इंग्लंडच्या, युद्ध अमेरिकेतले आणि सट्टा मुंबईचा. पिकवणाऱ्याच्या हाती यांतील एकही सूत्र नव्हते.

१४३ वर्षांनी हेच नाटक नव्या नटसंचात झाले. १० जानेवारी २००८ रोजी मुंबईचा निर्देशांक २१,२०६ वर पोहोचला होता. १५ जानेवारीला रिलायन्स पॉवरची भागविक्री खुली झाली आणि पहिल्या मिनिटातच अपेक्षेइतकी मागणी नोंदली गेली. अखेरीस ती सुमारे ७३ पट झाली. कंपनीचे बहुतेक प्रकल्प तेव्हा कागदावर होते. ४५० रुपयांचा तो समभाग ११ फेब्रुवारीला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ३७२ रुपयांवर बंद झाला. पुढे कंपनीने तोटा भरून देण्यासाठी पाच समभागांमागे तीन समभाग मोफत दिले. तरीही मार्च २०२० मध्ये त्याचा भाव एक-दीड रुपयाच्या घरात होता. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स बुडाली. ३१ डिसेंबर २००८ रोजी निर्देशांक ९,६४७ वर होता. वर्षभरात निम्म्याहून अधिक मूल्य नाहीसे झाले.

त्या वर्षीची घसरणीची यादी आजही अभ्यासण्याजोगी आहे. बांधकाम क्षेत्रातील युनिटेक सुमारे नव्वद टक्क्यांनी, पुण्याची सुझलॉन ऐंशी टक्क्यांहून अधिक, टाटा मोटर्स आणि टाटा स्टील पाऊणशे टक्क्यांहून अधिक खाली आले होते. नावे शेजारी-शेजारी असली तरी रोग एक नव्हता. टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस आणि टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार-लँडरोव्हर खरेदी केली, कर्जाचा डोंगर उभा राहिला आणि त्याच सुमारास जगाची मागणी आटली. हे उद्योग होते. त्यांच्याकडे भट्ट्या होत्या, कारखाने होते. ते सावरले. युनिटेकच्या पायाशी जमिनीचे फुगवलेले मोल होते. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने केंद्र सरकारला तिचे व्यवस्थापन हाती घ्यावे लागले. आणि यादी छापून होते न होते तोच, ७ जानेवारी २००९ रोजी, सत्यमच्या रामलिंग राजू यांनी हिशेब खोटे असल्याचे पत्र स्वतःच्या सहीने दिले. १७९ रुपयांचा समभाग एका दिवसात चाळीस रुपयांवर आला. घसरण पाहून 'स्वस्त झाले' म्हणून खरेदी करणाऱ्याला या तीन प्रकारांतील भेद कळला नाही, तर तो गुंतवणूकदार राहत नाही, सोडतीचे तिकीट घेणारा ठरतो. पन्नास टक्के उतरलेला समभाग मूळ पदावर येण्यास दुप्पट व्हावा लागतो. नव्वद टक्के उतरलेला दसपट. हे शाळेतील त्रैराशिक आहे, पण 'भाव सरासरीला आणा' असा सल्ला देणारे ते सहसा मांडून दाखवत नाहीत.

त्याच वर्षी निर्देशांकातील मोजक्या कंपन्या वर गेल्या. त्यांपैकी एक हिंदुस्थान युनिलिव्हर. तिचा साबणाचा कारखाना खामगावला आहे. स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांना ही नोंद रुचणार नाही; विदेशी मालकीची ही कंपनी आंघोळीच्या साबणावर तरली आणि देशी महत्त्वाकांक्षा बुडीत खात्यात गेली. पण नोंद टाळून उपयोग नाही. मंदी आली म्हणून माणूस आंघोळ थांबवत नाही, एवढे साधे कारण त्यामागे होते. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या उद्योजकाने साबण, तेल, दंतमंजन या क्षुल्लक भासणाऱ्या वस्तूंकडे दुर्लक्ष करून मनोरे आणि जमिनींमागे का धावावे, हा प्रश्न खरे तर स्वदेशीच्याच व्यासपीठावर विचारला जायला हवा.

२००८ मध्ये विदेशी वित्तसंस्थांनी भारतीय बाजारातून सुमारे ५३ हजार कोटी रुपये काढून नेले. दत्तोपंत ठेंगडी यांनी स्वदेशी जागरण मंचाच्या स्थापनेपासून जो इशारा दिला होता, त्याचे हे प्रात्यक्षिक होते. आलेल्या भांडवलाला माती नसते, ते वाऱ्यासरशी जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका महिन्यात विदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे ९४ हजार कोटींची विक्री केली. या वेळी मात्र बाजार २००८ सारखा उन्मळून पडला नाही. भारतीय कुटुंबांची मासिक बचत म्युच्युअल फंडांच्या वाटेने तेथे उभी होती. मार्च २०२५ अखेर राष्ट्रीय शेअर बाजारातील कंपन्यांमध्ये देशी संस्थांचा वाटा विदेशी संस्थांहून अधिक झाला. ही अभिमानाची बाब आहे. पण अभिमानाबरोबर दायित्वही येते. पूर्वी बुडणारा पैसा न्यूयॉर्क-लंडनचाही होता. आता तो अधिकाधिक मलकापूर आणि देऊळगाव राजाचा असेल.

शिवाय बडे नाव म्हणजे सुरक्षितता हा समज अजून गेलेला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांवर असलेली येस बँक मार्च २०२० मध्ये निर्बंधाखाली आली. ठेवीदारांना काही दिवस ५० हजारांहून अधिक रक्कम काढता येत नव्हती आणि ८,४१५ कोटींचे विशिष्ट रोखे शून्य करण्यात आले. 'बँकेचेच आहेत' म्हणून मुदत ठेवीच्या जागी ते घेणाऱ्यांत ज्येष्ठ नागरिक होते. ११ मार्च २०२५ रोजी इंडसइंड बँकेचा समभाग लेख्यांतील विसंगती उघड होताच एका दिवसात २७ टक्के कोसळला. लेखापरीक्षक, मानांकन संस्था, संचालक मंडळ हे सारे पहारेकरी असताना चोराची चाहूल पहिल्यांदा लागते ती भावफलकाला, हे कसले पहारे?

तरीही समभाग घेऊन बसलेल्याची घसरण ही सौम्य व्याधी म्हणावी, असा प्रकार आता ग्रामीण भागात शिरला आहे. वायदे आणि पर्याय, म्हणजे ज्याला भ्रमणध्वनीवर 'एफ अँड ओ' म्हणतात, त्यात एप्रिल २०२१ ते मार्च २०२४ या तीन आर्थिक वर्षांत दर शंभर व्यक्तिगत खेळाडूंपैकी ९३ जणांनी तोटा सोसला. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक, असे सेबीच्याच अहवालात आहे. त्यातील ७२ टक्के मंडळी देशातील पहिल्या तीस शहरांबाहेरची होती. तीस वर्षांखालील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. समोर कोण खेळत होते? जुलै २०२५ मध्ये सेबीने अमेरिकेच्या जेन स्ट्रीट या कंपनीचे ४,८४३ कोटी रुपये अंतरिम आदेशाने रोखले. कंपनीने आरोप नाकारले आहेत. निकाल काहीही लागो, एका बाजूला अशा संस्थेचे संगणक आणि दुसऱ्या बाजूला सोयाबीन विकून आलेला बावीस वर्षांचा पदवीधर, या सामन्याला बाजार म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान सौद्याचा आकार १५ लाखांवर नेला, साप्ताहिक सौद्यांना आळा घातला. पुढील आर्थिक वर्षातही ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले. उपाय अपुरे आहेत, हे केंद्रातील आपल्या विचारांच्या शासनालाही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

१९७४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी वजन-मापे, भेसळ, फसव्या जाहिराती यांविरुद्ध घराघरांत जागृती केली. त्याच कार्यपद्धतीने आता आर्थिक भेसळीकडे वळण्याची वेळ आली आहे. कापूस-सोयाबीनचे पैसे हाती येतात त्या दिवसांत 'हमखास परताव्या'चे संदेश अधिक येतात. सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागावा, तो संकेतस्थळावर ताडून पाहावा, न जुळल्यास सेबीला कळवावे. घरातील विशीच्या मुलाला हे पाच मिनिटांत करता येते. आणि बहुधा ते सर्वप्रथम त्यालाच करायला सांगावे लागेल.