पहिलं मत कुणाचं?



२०२४च्या विधानसभा निवडणुकीआधी वस्तीतल्या मुलींच्या गटात मी विचारलं, ‘पहिलं मत कुणाला द्यायचं, कसं ठरवणार?’ ‘पप्पा सांगतील.’ ‘दादा मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो.’ ‘आईच्या खात्यात ‘लाडकी बहीण’चे १५०० येतात, मग त्यांनाच.’ एकीनं तर म्हटलं, ‘ताई, तुम्हीच सांगा.’ नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण गप्प बसले. पप्पांच्या जागी ताई आली, तर फरक काय पडला?

१९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळली गेली. १९८९पासून तर १८व्या वर्षीच मताचा हक्क मिळतो. पण निर्णयापुरती ती अजून ‘अमक्याची मुलगी’च आहे.

मग मुलींनीच प्रश्न काढले: पाणी, संडास, रात्रीची बस, कॉलेजची फी. यावर कोणता उमेदवार काय म्हणतो, ते विचारायचं ठरलं. मत गुप्त असतं, कुणाला दिलं ते घरीही सांगावं लागत नाही, हे ऐकून त्या एकमेकींकडे बघून हसल्या.

त्या हसण्याला बळ देणं हे आपलं काम. नाव सुचवणं नव्हे.