लग्न लावणाऱ्यांची कसोटी

समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी ‘सुप्रियो’ खटल्यात दिला. जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. तेव्हापासून पुरोगामी म्हणविणाऱ्या मंडळींतही एक सोयीचे मौन पसरले आहे. धाराशिव जिल्ह्यात सत्यशोधक पद्धतीने लग्न लावून देणाऱ्या, आंतरजातीय जोडप्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे उद्या कळंबचे दोन तरुण किंवा उमरग्याच्या दोन तरुणी येऊन ‘आमचे लग्न लावा’ म्हणाल्या, तर उत्तर काय मिळेल? बहुधा हेच, की आधी कायदा होऊ द्या, मग पाहू.

हे उत्तर ज्या परंपरेच्या नावाने दिले जाते, त्या परंपरेलाच ते नाकारते. 25 डिसेंबर 1873 रोजी सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह लागला, तो काही कायद्याची वाट पाहून नव्हे. पुढे जुन्नर भागात भटजींनी बुडालेल्या दक्षिणेसाठी यजमानांना कोर्टात खेचले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पण लग्ने थांबली नाहीत. तामिळनाडूत पेरियार रामस्वामींच्या अनुयायांनी पुरोहिताविना स्वाभिमान विवाह लावले. मद्रास उच्च न्यायालयाने पन्नासच्या दशकात असा विवाह अवैध ठरविला. अखेर 1967 साली अण्णादुराई सरकारने हिंदू विवाह कायद्यात 7-अ हे कलम घालून आधी लागलेली लग्नेही वैध केली. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: लग्न लावणारा आधी उभा राहिला, कायदा त्याच्या मागून आला.

सरकारी विवाह अधिकाऱ्याची गोष्ट निराळी. 1954 चा विशेष विवाह कायदा पुरुषाचे वय 21 आणि स्त्रीचे 18 असे सांगतो. त्या चौकटीबाहेर जाऊन त्याला नोंद करता येत नाही. कार्यकर्त्याचे हात मात्र कोणी बांधले आहेत? 6 सप्टेंबर 2018 पासून हे संबंध गुन्हा नाहीत, आणि 2023 च्या निकालानेही एकत्र राहण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आहे.

दुसरा आक्षेप असा, की दुष्काळ, कर्ज आणि ऊसतोड हे जिल्ह्याचे खरे प्रश्न असून हे शहरी सुखवस्तूंचे खूळ आहे. वस्तुतः ज्याच्याकडे पैसा आहे, तो वकील गाठतो, मृत्युपत्र करतो, शहरात घर घेतो. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला विवाहाच्या शिक्क्याची गरज अधिक. विवाह ही आर्थिक संस्था आहे, हे तर ऊसतोडीइतके कोठेच उघडे दिसत नाही. तेथे नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाची उचल जोडीच्या हिशेबाने मिळते, आणि कोयता पुरा व्हावा म्हणून कोवळ्या मुलींची लग्ने उरकली जातात. ज्या मुलाला स्त्रीशी संसार नको असतो, त्यालाही याच घाण्याला जुंपले जाते, आणि त्याच्याबरोबर एका निरपराध मुलीचे आयुष्य करपते. याला चैन म्हणणे हा श्रमिकांचाच अपमान होय.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा. तुळजापूरच्या वाटेवर स्त्रीवेशातला आराधी भेटला, तर हाच समाज त्याच्या परडीत जोगवा घालतो, त्याच्या पाया पडतो. वेश वेगळा आणि कोणाबद्दल ओढ वाटते ते वेगळे, हे खरे. पण रूढ साच्याबाहेरचा माणूस देवीच्या दारात पूज्य आणि गावात घर मागताच अपवित्र, ही संस्कृती नव्हे, दांभिकता आहे.

अर्थात, लग्न लावणाऱ्याने जोडप्याची फसवणूक करता कामा नये. या विधीने वारसा, कुटुंब निवृत्तिवेतन वा संयुक्तपणे दत्तक घेण्याचा हक्क मिळत नाही, हे त्याने आधीच स्पष्ट सांगावे. 2024 साली केंद्र सरकारने अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व एकमेकांना नामनिर्देशित करण्यास आडकाठी नसल्याचे, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एक कुटुंब मानण्याचे स्पष्ट केले. अक्षता पडल्यानंतर दुसऱ्या दिवशी बँकेत आणि तहसील कचेरीत त्यांच्यासोबत जाणे, मृत्युपत्र करवून घेणे, घरचे लोक मारहाणीला आले तर पोलीस ठाण्यात उभे राहणे, हा त्या लग्नाचाच उर्वरित विधी आहे.

शेजारच्या नेपाळमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर 2023 मध्ये लमजुंग जिल्ह्यातील एका ग्रामीण पालिकेने अशा विवाहाची पहिली नोंद केली. डोंगरातल्या पालिकेला जे जमले, ते फुल्यांचा वारसा सांगणाऱ्यांना जड का जावे? लग्न लावणे म्हणजे दोन माणसांच्या शब्दाला समाजाच्या वतीने साक्ष देणे. ज्यांनी जातीच्या भिंतीपलीकडे ती साक्ष दिली, त्यांनी येथे माघार घेतली, तर पूर्वीची साक्षही केवळ सोयीची होती, असा अर्थ निघेल. जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी दार ठोठावले जाण्यापूर्वीच आपले उत्तर जाहीर करावे.