बैलाची लस आणि लेकराची लस



गळीत हंगामाच्या तयारीच्या बैठकीत यंदा एक सूचना आली. ज्या ऊसतोड टोळीतल्या लेकरांजवळ लसीकरणाचे कार्ड नसेल, त्या टोळीला फड देऊ नये, तिची गाडी काट्यावर घेऊ नये. सूचना करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. टोळ्यांच्या कोप्या आपल्या गावाला लागूनच पडतात. तिथली गोवर आपल्या अंगणात यायला वेळ लागत नाही. निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. आमचे मत असे, की ही सूचना मान्य होऊ नये.

पण ‘ज्याची मर्जी त्याने टोचावे’ असेही आम्ही म्हणत नाही. २०२२ ची लम्पी आठवा. अकोला, अमरावती, बुलडाण्यात रोग पसरला, गुरांचे बाजार बंद झाले आणि दावणीदावणीला लस टोचली गेली. केंद्राच्या २००९ च्या कायद्याने रोगाच्या टापूतली जनावरे टोचून घेणे सक्तीचे करता येते. तेव्हा स्वातंत्र्याचा मुद्दा निघाला नाही. आपणच शिंगे धरून बैल उभे केले. शेजारच्या गोठ्यातला रोग आपल्या गोठ्यात येतो, हे समजायला कोणाचे भाषण लागत नाही. शिवाय लस फुकट होती, दारात आली होती, आणि रोगाने जनावर दगावले तर गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये मदत ठरली होती. म्हणजे सरकारनेही आपला भार उचलला होता.

माणसाची गोष्ट वेगळी. बैलाला विचारावे लागत नाही, माणसाला विचारावेच लागते. न विचारता केले की काय होते ते १९७६ च्या नसबंदीच्या सक्तीत दिसले. सरकारी डॉक्टर म्हटला की लोक घराबाहेर पळत, आणि ती धास्ती पुढे साध्या टोचणीलाही नडली.

करोनाचा अनुभव तर अगदी कालचा. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती व अचलपूर शहरे पुन्हा बंद झाली, तेव्हा साध्या माणसाला लस मिळतही नव्हती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राज्याचा आदेश निघाला: दोन्ही मात्रा झालेल्यांनाच बस, दुकान, समारंभ मोकळे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २ मे २०२२ चा निकाल न्या. नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाचा आहे. कोणाच्याही अंगावर जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. लोकांच्या आरोग्यासाठी सरकार बंधने घालू शकते, पण ती धोक्याच्या मानाने असावीत. लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा जास्त रोग पसरवतो, असा पुरावा राज्यांनी समोर ठेवला नव्हता. म्हणून ती बंधने योग्य ठरली नाहीत. (लशीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवा, असेही सांगितले. हा भाग फार कोणी वाचला नाही.)

आता हीच फूटपट्टी गोवरला लावा. करोनाच्या लशीने घेणारा जिवाच्या धोक्यातून बराच वाचला, पण रोग पसरणे पुरते थांबले नाही. गोवरच्या लशीने पसरणेही थांबते. शंभरातली पंचाण्णव लेकरे टोचलेली असली तर नऊ महिन्यांच्या आतले, ज्याला एरवी ही लस देत नाहीत, ते तान्हे बाळही वाचते. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, भिवंडीत, मालेगावात गोवरची साथ आली. तेव्हा गोवरच्या बाबतीत शेजाऱ्याचा हक्क मोठा आहे, हे आम्हाला मान्य आहे.

मग सूचनेला विरोध काऊन? हिशेब पाहा. जेष्ठात जन्मलेले मूल फाल्गुनात नऊ महिन्यांचे होते. गोवरची पहिली मात्रा तेव्हाच द्यायची. त्या वेळी त्याची माय आपल्या फडात मोळ्या बांधत असते, आणि गावची आरोग्यसेविका दोन-तीनशे किलोमीटर दूर. तिने लस नाकारलेली नाही. लस तिच्यापर्यंत गेलीच नाही. फड नाकारला तर मुकादमाची उचल तिच्या डोक्यावर तशीच राहील आणि लेकरू बिनालशीचेच दुसऱ्या कारखान्याला जाईल. यात कोणाचे भले झाले? उद्या मुकादम खोटी कार्डे गोळा करून आणतील, हेही होईल बाप्पा.

आमची मागणी साधी आहे. टोळ्या उतरल्या की कारखान्याच्या शेतकी विभागाने कोप्यांत जाऊन सहा वर्षांखालच्या लेकरांची यादी करावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावी. सरकारी लस देशात कुठेही फुकट मिळते, गावची अट नाही. दर महिन्याला एक दिवस कोप्यांजवळच टोचणी व्हावी. त्या दिवशी मायची अर्ध्या दिवसाची मजुरी कारखान्याने द्यावी. लेकराला रात्री ताप आला तर दुसऱ्या दिवशीचीही.

इतके करूनही कोणी नाही म्हटले, तर त्याचे काम बंद करू नये. मात्र कोप्यांत गोवर निघाली तर त्याचे लेकरू तीन आठवडे साखरशाळेत व पाळणाघरात घेऊ नये. तेवढे बंधन त्याने सोसले पाहिजे. आणि हाच नियम सभासदांच्या घरच्या लेकरांनाही लागू असावा. आपल्या पोरांची कार्डे किती जणांनी पाहिली आहेत, हेही एकदा घरी विचारून घ्यावे.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपले म्हणणे पुढच्या बैठकीपूर्वी गट कार्यालयात लेखी द्यावे. सही येत नसेल तर अंगठा चालेल.